ॲपचा मालक बदलल्यावर सोलापुरातल्या एका लॉजचं काय झालं

मी सोलापुरात छोट्या धंद्यांचे हिशोब आणि जीएसटीची कामं बघतो. टॉवेलचे कारखानदार आहेत, दोन मंगल कार्यालयं आहेत, काही मेडिकलवाले आणि पाच लॉज. त्यातल्या एका लॉजचं हे प्रकरण, मालकांना विचारून लिहिलेलं. ओळख पटेल असे तपशील बदललेत, आकडे गोल केलेत, प्रमाण मात्र तेच ठेवलंय. ज्या बुकिंग ॲपची ही गोष्ट आहे त्याचं नाव देत नाही, ते विकत घेणाऱ्या कंपनीचंही नाही. मध्ये काही मोठ्या कंपन्यांची नावं येतील ती बाजार कसा चालतो ते कळावं म्हणून. त्यांचा या लॉजशी संबंध जोडू नये.

पार्श्वभूमी

स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर तीन मजली लॉज. बावीस खोल्या, त्यातल्या आठ एसी, चौदा साध्या. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. वडिलांच्या सुताच्या गोदामावर मजले चढवून त्यांनी हा धंदा उभा केला. कागदोपत्री धाकटा मुलगा भागीदार आहे, पण काउंटर, रजिस्टर आणि मोबाईलवरचं बुकिंग हे सगळं प्रत्यक्षात सूनबाई बघतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ज्या दोन-तीन गोष्टी नीट झाल्या त्या त्यांच्यामुळे झाल्या.

गिऱ्हाईक ठरलेलं. औषध कंपन्यांचे एमआर, सुताचे आणि युनिफॉर्मच्या कापडाचे व्यापारी, कलबुर्गी-धाराशिवकडून इथल्या दवाखान्यात आणलेल्या पेशंटांचे नातेवाईक, आणि देवाची माणसं. अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस, पंढरपूर सत्तरच्या थोडं वर, सीमेपलीकडे गाणगापूर. लोक सोलापुरात पिशव्या टाकतात आणि दोन दिवसांत तीन देव करून परत जातात.

ॲप लॉजवर आलं ते एका बाइकवरून. अशोक चौकातला एक पोरगा, त्या कंपनीचा एरिया मॅनेजर. त्यानंच मोबाईलनं खोल्यांचे फोटो काढले, चादरी नीट करून घेतल्या, बाथरूममधली बादली फोटोपुरती बाहेर ठेवायला लावली. कमिशन १५ टक्के. दर सोमवारी पैसे खात्यावर. रात्री अकराला फोन केला तरी उचलायचा. गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, कधी लागते, आषाढीच्या आधी खोल्या किती दिवस फुल असतात, हे त्याला सांगावं लागायचं नाही.

दुसरंही एक मोठं ॲप होतं, तिथे कमिशन १८ टक्के. दोन्हीकडे लॉजची पानं होती आणि दोन्ही कंपन्यांची आपसात चुरस होती. एकीनं गिऱ्हाइकाला शंभर रुपये सूट दिली की दुसरी दीडशे द्यायची. ती सूट त्यांच्या खिशातून जायची. अण्णांचा हिशोब तेव्हा सोपा होता: “ते भांडतात, आपल्या खोल्या भरतात.”

मग दुसऱ्या कंपनीनं पहिलीला विकत घेतलं.

बातमीत लिहिलं होतं की दोन्ही ब्रँड स्वतंत्र राहतील. ते राहिलेही, आजही फोनवर दोन्ही ॲप वेगवेगळी दिसतात. या धंद्यात असंच चालतं. मेकमायट्रिपनं गोआयबिबो आणि रेडबस चालवणारा आयबिबो समूह घेतल्याचं ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झालं, जानेवारी २०१७ मध्ये व्यवहार पूर्ण झाला, पण गिऱ्हाइकासाठी दोन्ही नावं तशीच राहिली. अमेरिकेतल्या प्राइसलाइननं २००५ मध्ये बुकिंग डॉट कॉम घेतलं, २००७ मध्ये अगोडा घेतलं, आणि २०१८ मध्ये अख्ख्या समूहाचंच नाव बुकिंग होल्डिंग्ज केलं. एक्सपीडियानं २०१५ या एकाच वर्षात ट्रॅव्हलोसिटी आणि ऑर्बिट्झ दोन्ही घेतली. आपल्याकडे यात्रानं २०१२ मध्ये ट्रॅव्हलगुरू घेतलं, फ्लिपकार्टनं २०२१ मध्ये क्लिअरट्रिप. रस्त्यावरून पाहणाऱ्याला दारं तेवढीच दिसतात. कुठली दारं आतून एकाच घरात उघडतात ते आत गेल्यावर कळतं. गिऱ्हाईक दोन ॲपवर दर ताडून बघतं आणि आपण चौकशी केली असं समजतं. लॉजवाल्याला मात्र दोन्हीकडून एकाच माणसाशी घासाघीस करायची असते.

प्रश्न कुठे होता

पहिले चार महिने काहीच झालं नाही. यामुळेच सगळे गाफील राहिले.

पाचव्या महिन्यात एक मेल आली. आता दोन्ही ॲपसाठी एकच लॉगिन असेल, नव्या अटी मान्य करा. ती मेल धाकट्याच्या फोनवर आली, तो चुलतभावाच्या हळदीला होता. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाला, “पुढे जा, पुढे जा असं येत होतं सर, दाबत गेलो.” त्या दाबादाबीत तीन गोष्टी मान्य झाल्या. कमिशन दोन्हीकडे सारखं २० टक्के. ॲपच्या नेहमीच्या सभासदांना १० टक्के सूट. मोबाईलवरून बुक करणाऱ्यांना आणखी १० टक्के. आणि ही सूट आता लॉजच्या खिशातून. शिवाय येण्याच्या दिवसापर्यंत फुकट रद्द करायची सोय, तिच्यावर आधीच टिक केलेली होती.

अटी वाचून मान्य केल्या असत्या तरी कमिशन कदाचित तेवढंच झालं असतं. सूट मात्र ऐच्छिक होती, टिक काढता येत होती. पहिला निर्णयाचा क्षण हा होता, आणि तो हळदीच्या मांडवात निघून गेला.

दरम्यान अशोक चौकातल्या पोराची नोकरी गेली. त्याच्या जागी हेल्पलाइनचा नंबर आला आणि तक्रारीला तिकीट क्रमांक. सोमवारचे पैसे गिऱ्हाईक गेल्यावर सात दिवसांनी यायला लागले. आधी प्रत्येक बुकिंगची एक ओळ असायची: दर, कमिशन, बाकी. आता आठवड्याची एकच पीडीएफ, आणि तिच्यात ‘समायोजन’ नावाचा एक रकाना. त्या रकान्यात काय काय बसतं हे मला अजून पूर्ण उलगडलेलं नाही.

साडेदहाची एसी खोली

नवरात्रातला शनिवार. तुळजापूर करून आलेलं नांदेडकडचं एक कुटुंब रात्री साडेदहाला दारात. पाच माणसं. आजी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसल्या, एक चप्पल काढली आणि तळवा चोळायला लागल्या. मुलानं काउंटरवर फोन पुढे केला: ‘डिलक्स, १,२१० रुपये, पैसे भरलेले’. वर फोटो एसी खोलीचा.

सूनबाईंनी रजिस्टर पाहिलं, मग फोन. त्यांच्याकडे डिलक्स म्हणजे टीव्ही आणि नवं बाथरूम असलेली साधी खोली. हे नाव पूर्वी त्या बाइकवाल्या पोरानंच सुचवलं होतं, “नाव भारी दिसतं अण्णा” म्हणून. दुसऱ्या ॲपवर मात्र एसी खोलीला डिलक्स म्हटलेलं होतं. दोन्ही याद्या एकत्र करताना यंत्रानं नावाला नाव जुळवलं. झालं, एसीचा फोटो आणि साध्या खोलीचा दर.

एसी खोली एकच शिल्लक होती. तिचा दर सातशेनं जास्त.

“काका, चूक ॲपची आहे, पण तुम्ही वर चला,” एवढंच त्या म्हणाल्या आणि किल्ली दिली. मग मला फोन. मी झोपलो होतो. सकाळी कळलं की त्यांनी गिऱ्हाइकाच्या फोनवरच्या पानाचा फोटो काढून ठेवलाय, तारीख-वेळ दिसेल असा. हा निर्णय त्यांनी कुणाला न विचारता घेतला. अण्णा सकाळी चिडले, “सातशे रुपये गेले की ओ!” मला विचाराल तर त्या रात्री दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आजींना परत रस्त्यावर पाठवलं असतं तर दुसऱ्या दिवशी ॲपवर एक तारा मिळाला असता, आणि तो सातशेपेक्षा महाग पडतो.

हाच गोंधळ एकूण अकरा बुकिंगांत झाला. दुरुस्तीला एकोणीस दिवस आणि तीन तिकिटं लागली. पहिल्या दोन तिकिटांना ‘आपली अडचण सोडवली आहे’ असं उत्तर आलं, अडचण तशीच. तिसऱ्याला सूनबाईंनी फोटो जोडले, तेव्हा काम झालं. साधारण ७,७०० रुपयांचा फटका. भरपाई मागितली, मिळाली नाही.

आकडा जो कुणी काढला नव्हता

दिवाळीनंतर अण्णा कार्यालयात आले. म्हणाले, “कमिशन पाच टक्क्यानं वाढलंय, ते समजलं. पण खोल्या भरलेल्या असून बँकेत पैसा का दिसंना?”

मी एकाच खोलीचा हिशोब कागदावर मांडला. दर १,४०० रुपये. गिऱ्हाइकाकडून घेतलेला खोलीवरचा जीएसटी बाजूला ठेवू, तो आपला नसतोच.

आधी: १,४०० वर १५ टक्के कमिशन २१०. हातात १,१९०.

आता: सभासदाची १० टक्के सूट जाऊन १,२६०. त्यावर मोबाईलची १० टक्के जाऊन १,१३४. त्यावर २० टक्के कमिशन २२६ रुपये ८० पैसे. हातात ९०७ रुपये २० पैसे.

म्हणजे कमिशन पाच टक्क्यांनी वाढलं आणि हातातले पैसे जवळजवळ २४ टक्क्यांनी घटले. कमिशनवरचा १८ टक्के जीएसटी मी वर धरलेला नाही, कारण तेव्हा लॉज खोलीवर १२ टक्के आकारत होता आणि कमिशनवरच्या कराचं क्रेडिट मिळत होतं, म्हणजे तेवढी रक्कम लॉजला भरायच्या जीएसटीतून वजा होत होती.

अण्णांनी कागद उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला काहीतरी बरं लिहिलेलं असेल.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट निघाली. ॲपवाले पैसे देताना दोन प्रकारचा कर कापून ठेवतात. जीएसटीतला टीसीएस, जो १० जुलै २०२४ पासून १ टक्क्यावरून अर्धा टक्का झाला. आणि आयकराच्या तेव्हाच्या १९४-ओ कलमाचा टीडीएस, जो १ ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्का झाला. दोन्ही आपलेच पैसे. एक जीएसटी पोर्टलवर स्वीकारून रोख खात्यात घेता येतो, दुसरा विवरणपत्रात मागता येतो. धाकटा ही कपातसुद्धा कमिशनच समजत होता. कंपनी बदलल्यावर वर्षाच्या मध्येच कापणाऱ्याचं नाव आणि टॅन (कर कापणाऱ्याचा ओळख क्रमांक) बदलला होता, त्यामुळे कापलेल्या आयकराच्या उताऱ्यात, २६-एएसमध्ये, एकाच ॲपच्या दोन नोंदी दिसत होत्या. एक आम्ही धरली होती, दुसरी सुटली असती. ही चूक माझ्या खात्यात जमा होते. विकत घेतल्याची बातमी मी वाचली होती, आणि टॅन बदलेल हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

समोर असलेले पर्याय

धाकट्याचं म्हणणं होतं, ॲप बंद. संताप समजण्यासारखा होता, पण तेव्हा विकल्या जाणाऱ्या खोल्यांपैकी ४६ टक्के तिथूनच येत होत्या. रात्री उशिरा वंदे भारतमधून उतरलेला माणूस लॉजची पाटी शोधत फिरत नाही, फोन उघडतो. आणि दुसरं ॲप धरावं म्हटलं तर तेही त्याच घरातलं.

अण्णांचा उपाय जुना, बाजारातला. दरच पाव पटीनं वाढवून टाका, मग द्या म्हणावं सूट. शहरातले बरेच लॉजवाले हेच करतात. मला तो पटला नाही. १,७५० चा आकडा यादीत दिसला की खरोखर चांगल्या खोलीशी तुलना होते, आणि सभासद नसलेलं गिऱ्हाईक तो आकडा बघूनच पुढे सरकतं.

तिसरा पर्याय स्वतःहून चालत आला. एका साखळी ब्रँडचा माणूस येऊन गेला: आमची पाटी लावा, दर आम्ही ठरवू, महिन्याला ठरलेली रक्कम देऊ. अण्णांना दोन दिवस मोह झाला. करारात ती रक्कम ‘पुनरावलोकनास पात्र’ आहे हे मी दाखवलं. मोह गेला.

चौथा, दाद मागायचा. इथे थोडं थांबतो, कारण या बाबतीत लॉजवाल्यांमध्ये भलतेच समज आहेत. भारतीय स्पर्धा आयोगानं १९ ऑक्टोबर २०२२ ला हॉटेलांच्या महासंघाच्या तक्रारीवरून मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटी ४८ लाखांचा आणि ओयोला १६८ कोटी ८८ लाखांचा दंड ठोठावला. दुसऱ्या ॲपवर आमच्यापेक्षा कमी दर ठेवायचा नाही, तिथे जास्त खोल्या द्यायच्या नाहीत, अशा अटी हॉटेलांच्या करारातून काढायला मेकमायट्रिप-गोआयबिबोला सांगितलं. निकाल महत्त्वाचा आहे. पण जास्त कमिशन घेतलं म्हणून तो दंड झाला, असं जे गप्पांत सांगितलं जातं ते खरं नाही. कमिशन किती घ्यावं हे आयोगानं ठरवून दिलेलं नाही. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये आयोगानं सुरू केलेल्या चौकशीचा निकाल लागायला तीन वर्षं गेली. बावीस खोल्यांच्या लॉजला या रस्त्यानं जायचं तर संघटनेमार्फतच, आणि पुढच्या आषाढीच्या आत हाती काही लागेल ही आशा सोडून.

पाचवा पर्याय सूनबाईंचा. त्या चहा घेऊन आल्या होत्या, ट्रे हातात तसाच धरून म्हणाल्या, “मामा, सगळ्या खोल्या सगळे दिवस त्यांना कशाला द्यायच्या? ज्या दिवशी आपल्या आपण भरतात त्या दिवशी नको ना.” ठरलं तेच. पण ठरायच्या आधी एक चूक झाली.

गड्ड्यातली चूक

जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक, संक्रांतीच्या तोंडावर संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, आणि होम मैदानावरचा गड्डा. त्या आठवड्यात स्टेशनजवळच्या लॉजमध्ये खोली मिळवायला ओळख लागते. धाकट्यानं त्या आठवड्यासाठी दोन्ही ॲपवरच्या सगळ्या खोल्या बंद केल्या. बावीसच्या बावीस थेट भरल्या, पूर्ण दरानं. चार दिवस लॉजमध्ये जत्रेसारखाच आनंद.

फेब्रुवारीत काउंटरवर माशा. ॲपवर लॉज पहिल्या पानावर असायचा, तो चौथ्या पानावर गेला होता. दिवसाला सात-आठ बुकिंग यायची, तिथे तीन आठवडे एक-दोन. यादीत वर-खाली कशानं होतं हे कंपनी उघड सांगत नाही. गर्दीच्या दिवसांत खोल्या पूर्ण बंद ठेवणं आणि नंतरची घसरण यांचा संबंध आहे असं आम्ही अनुभवावरून धरलं. पुढच्या सणांना तीन खोल्या चालू ठेवल्या, तेव्हा घसरण झाली नाही. हा काही शास्त्रीय पुरावा नाही, पण आम्ही तो नियम करून टाकलाय.

काय केलं

मार्चपासून सूनबाईंनी एक दोनशे पानी वही घातली. रोज प्रत्येक खोलीपुढे दोन गोष्टी: गिऱ्हाईक कुठून आलं, आणि हातात किती राहिले. एक्सेल मी देत होतो, त्यांनी वही पसंत केली. काउंटरवर ती उघडीच असते, रात्रपाळीचा पोरगाही लिहू शकतो.

दोन्ही सवलती काढल्या. त्या काढायचं बटण तीन पानं आत होतं, आणि काढताना ‘तुमची बुकिंग ४० टक्क्यांपर्यंत घटू शकतात’ असा लाल इशारा आला. धाकट्याचा हात थबकला, तेव्हा सूनबाईंनीच दाबलं.

साध्या दिवशी ॲपला आठ खोल्या. गड्डा, आषाढी-कार्तिकी, नवरात्र, कोजागरी या दिवसांत तीन. कोजागरीला सोलापुरातून पायी तुळजापूरला जाणाऱ्यांचे बाहेरगावचे पाहुणे इथेच उतरतात. या दिवसांसाठी फुकट रद्द करायची मुदत ४८ तास आधीपर्यंत आणली. आधी लोक चार लॉज बुक करून तीन सकाळी रद्द करायचे.

गूगलच्या नकाशावर लॉजची नोंद होती, पण फोन नंबर २०१७ चा आणि फोटो शेजारच्या मिठाईच्या दुकानाचा. तो बदलला. खोल्यांचे खरे फोटो टाकले, बादलीसकट. व्हॉट्सॲपवर खोलीचा फोटो, दर आणि यूपीआयचा कोड असा एकच ठरलेला निरोप तयार केला. प्रत्येक खोलीत आरशाच्या कोपऱ्यात कार्ड: ‘पुढच्या वेळी थेट फोन करा, चहा आमच्याकडून.’ एमआर मंडळींसाठी महिन्याला चार रात्रींचा ठराविक दर. पेशंटांच्या नातेवाइकांना आठवड्याचा दर, आणि गॅलरीत डबा गरम करायला एक शेगडी. ही शेगडी अण्णांची कल्पना, आणि सगळ्यात जास्त फळ तिनंच दिलं. आठ-दहा दिवस दवाखान्यात काढणाऱ्या माणसाला एसीपेक्षा गरम भाकरी लागते.

थेट गिऱ्हाइकाला दीडशे रुपये कमी दर दिल्यावर कंपनीची मेल आली: तुमचा दर अन्यत्र कमी आढळला आहे. आम्ही नव्या अटी काढून वाचल्या, यावेळी ओळ न ओळ. बंधन होतं ते इंटरनेटवर जाहीर केलेल्या दराबद्दल. फोनवर, व्हॉट्सॲपवर किंवा काउंटरवर दिलेल्या दराबद्दल एक शब्दही नव्हता. म्हणून गूगलवर दर ॲपइतकाच ठेवला आणि सूट फोनवर. ही पळवाट आहे का, असं अण्णांनी विचारलं. करारात लिहिलंय तेवढं पाळतोय, असं मी सांगितलं.

निकाल

मध्येच २२ सप्टेंबर २०२५ उजाडला. घटस्थापना त्याच दिवशी आणि जीएसटीचे नवे दरही. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर १२ ऐवजी ५ टक्के, पण क्रेडिट नाही. गिऱ्हाइकाला स्वस्त झालं हे खरं. लॉजसाठी मात्र कमिशनवरचा १८ टक्के कर, जो आधी क्रेडिटमध्ये परत यायचा, तो आता सरळ खर्च. जुन्या सवलती चालू असत्या तर त्या १,४०० च्या खोलीचे ९०७ सुद्धा राहिले नसते, आणखी ४० रुपये ८२ पैसे जाऊन ८६६ उरले असते. सवलती काढल्यामुळे आता १,४०० वर कमिशन २८०, त्यावरचा कर ५० रुपये ४० पैसे, हातात १,०७० ला चाळीस पैसे कमी.

वर्षअखेरीस वही आणि बँक ताडून बघितली. ॲपमधून येणाऱ्या खोल्या ४६ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर. एकूण भरलेल्या खोल्या मात्र ६८ वरून ६३ टक्क्यांवर आल्या, हे लपवत नाही. महिन्याला ६६० खोली-रात्री धरल्या तर आधी ४४९ विकल्या जायच्या, आता ४१६. हातात येणारी रक्कम महिन्याला पाच-सहा हजारांनीच वाढली. वर तेहेतीस रात्रींची धुलाई, साबण, वीज वाचली, तेही तेवढेच. म्हणजे सगळं धरून बाराएक हजार.

अण्णांना आकडा छोटा वाटला. “एवढ्यासाठी वर्षभर वही?” मला तो छोटा वाटत नाही, कारण काहीच केलं नसतं तर नव्या करामुळे उलट आठ-साडेआठ हजार दरमहा खाली गेले असते. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहोत.

पुन्हा करायचं झालं तर

विकत घेतल्याची बातमी आली त्या आठवड्यातच दोन्ही ॲपवरच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवायचे: खोल्यांची नावं, दर, अटी, ताऱ्यांची संख्या. आमच्याकडे जुन्या अटींची प्रतच नव्हती, त्यामुळे नेमकं काय बदललं ते सांगायलाही पुरावा नव्हता. खोल्यांची नावं दोन्हीकडे सारखी आणि सरळ ठेवायची. साध्या खोलीला साधी म्हणायचं. आता लॉजवर ‘एसी नाही, पंखा, टीव्ही’ असंच खोलीचं नाव आहे, आणि आश्चर्य म्हणजे ती खोली कमी विकली जात नाही.

लॉगिन आणि मेल काउंटरवर बसणाऱ्या माणसाच्या नावावर हवी. सात महिन्यांचा घोळ एका फोनमुळे झाला, जो चुकीच्या खिशात होता. हे घरात बोलायला अवघड गेलं. धाकटा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. शेवटी अण्णांनीच नंबर बदलून घेतला.

एक गोष्ट मात्र परत मिळाली नाही. पहिल्या ॲपवर लॉजचे ६४० अभिप्राय होते, आठ-नऊ वर्षांत जमलेले. दोन पानं एक झाली तेव्हा त्यातले २१२ च नव्या पानावर आले. बाकीचे कुठे गेले याचं चौथं तिकीट अजून उघडंच आहे. त्या गेलेल्यांत एका बीदरच्या आजोबांचा अभिप्राय होता: बायकोचं ऑपरेशन होतं तेव्हा अठरा दिवस राहिलो, मालकांनी शेवटच्या दोन दिवसांचे पैसे घेतले नाहीत. अण्णांना तो पाठ आहे. परवा मी लॉजवर गेलो तेव्हा सूनबाई त्या आजोबांचा नंबर जुन्या रजिस्टरात शोधत होत्या.